टेबलाखालची बादली

आमच्या घरात काही सांडलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. परवा ह्यांच्या हातून चहाचा कप लवंडला. पेपर भिजला, टेबलावरून ओघळ फरशीवर आला, आणि हे फडकं शोधायचं सोडून मला विचारतात, "किती?" मी म्हटलं, नव्वद मिली, तीसेक तुम्ही आधीच प्यायला होतात. सूनबाई हसली. तिला वाटतं सासूबाई गंमत करतात.

मी गंमत करत नाही. एकतीस वर्षं मी ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात काढली. सांडलेलं किती, हे नजरेनं ठरवणं माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. फक्त तिथे चहा सांडत नसे.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या डोंबिवलीच्याच. त्या म्हणाल्या, सिस्टर, एवढी बाळं तुमच्या हातात जन्मली, काहीतरी गोड लिहा. गोड पुष्कळ आहे. पण मला विचाराल तर आमचं काम बाळाला हातात घेण्याचं जेवढं, तेवढंच अंदाज करण्याचं. पोटात किती महिन्यांचं आहे, वजन किती भरेल, किती वाजता होईल, किती रक्त गेलं. यातल्या एकाही गोष्टीला आमच्या काळी नीट माप नव्हतं. होतं तिथे वेळ नव्हता.

तारखेचंच घ्या. बाई पहिल्यांदा तपासायला आली की विचारायचं, शेवटची पाळी कधी आली? तारीख सांगणारी शंभरात दहा. बाकीच्या काय सांगायच्या ते ऐका. "गौरी उठल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी." "जाऊबाईंच्या डोहाळजेवणाला मी बाहेरची होते, वाढायला नव्हते." एकीनं सांगितलं, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी अर्ध्यातनं घरी आले, पोटात कळ येत होती. म्हणून मी तपासणीच्या खोलीत मागच्या दोन वर्षांची तिथीवाली कॅलेंडरं खिळ्याला टांगून ठेवली होती. गौरी कधी उठल्या ते बघायचं, नऊ महिने सात दिवस पुढे मोजायचे आणि कागदावर तारीख टाकायची. नवीन डॉक्टर मुलांना हसू यायचं. महिन्याभरात तीच मुलं कॅलेंडराची पानं उलटायला यायची.

वजनाच्या बाबतीत मात्र मला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, अजून आहे. बाळ काट्यावर ठेवायच्या आधी आम्ही सिस्टर मनात आकडा धरायचो. मी पन्नास ग्रॅमच्या आत असायचे. कल्याणच्या एक आजीबाई मला आठवतात. नात दोन किलो चारशे भरली तर म्हणाल्या, काटा बिघडलाय, मोठ्या सुनेची तीन किलोची होती. मी पुन्हा वजन केलं. पुन्हा चारशे. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं पोरीला दुपट्यात, टोपड्यात आणि वरून शालीत गुंडाळून ठेवलं. काटा पावणेतीनाच्या पुढे गेला तेव्हा कुठे समाधान झालं. जाता जाता मला बजावून गेल्या, शालीसकट लिहा.

हे सगळे अंदाज चुकले तरी फारसं बिघडत नाही. एक अंदाज मात्र चुकून चालत नाही, तो रक्ताचा.

बाहेरच्या माणसासाठी सांगते. बाळंतपणात थोडं रक्त जायचंच. साधारण अर्ध्या लिटरपर्यंत शरीर सोसतं, त्यापुढे गेलं की धावाधाव सुरू करायची. आता हे अर्धा लिटर ओळखायचं कसं? ते काही भांड्यात पडत नाही. काही चादरीत मुरतं, काही पॅडमध्ये, काही फरशीवर, आणि उरलेलं बाळंतपणाच्या टेबलाच्या पायथ्याशी ठेवलेल्या बादलीत. त्यात बाळाभोवतीचं पाणी मिसळलेलं. पांढऱ्या चादरीवर चमचाभर रक्त पेलाभर दिसतं आणि आमच्या हिरव्या कापडात पेलाभर मुरलं तरी डाग ओला वाटतो एवढंच. नजर थोड्याला जास्त म्हणते आणि जास्तीला थोडं. शिकताना हे सगळ्यांना सांगतात. कामाला लागल्यावर सगळे विसरतात.

विसरतात म्हणजे काय करतात? रजिस्टरमध्ये रक्तस्रावाचा रकाना असतो, त्यात अडीचशे लिहितात. सगळं सुरळीत झालं की अडीचशे. जुन्या सिस्टरनी लिहिलं म्हणून नव्या लिहितात. आमच्या रजिस्टरची पानं उलटली असती तर वाटलं असतं की ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या बाळंतिणींनी आपापसात ठरवून अडीचशेच सांडलंय. मीही लिहायचे. कधीकधी न बघता लिहायचे.

आता चांगुणा मावशींबद्दल सांगते, कारण लेख खरा त्यांच्यासाठी आहे.

रुग्णालयात साफसफाई करणाऱ्या, पेशंटला उठवणाऱ्या-बसवणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. चांगुणा मावशी आमच्या कक्षात ठेकेदारामार्फत लागल्या होत्या. माहेर, सासर दोन्ही कळव्याच्या खाडीकाठचं. लहानपणापासून आईबरोबर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरलेल्या. खाडीतली मासळी कमी झाली तेव्हा रुग्णालयात आल्या. बुटक्या, काटक, बोलायला अगदी कमी. प्रत्येक बाळंतपणानंतर टेबलाखालची बादली न्यायची, कपडे भिजवायचे, फरशी पुसायची, दुसरी बादली आणून ठेवायची, हे त्यांचं काम. बादली उचलताना त्या एक क्षण थांबायच्या. पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी हातात तोलून बघतात ना, तसं. मला वाटायचं कंबर दुखत असेल.

त्या दिवशी दुपारचा एक वाजून गेला होता. दोनला माझी ड्यूटी संपणार होती आणि तीनला डोंबिवलीत मुलाच्या शाळेत पालकसभा होती. गणितात त्यानं दिवे लावले होते, त्यामुळे जाणं भाग होतं. टेबलावर सुषमा होती. ठाकुर्लीची, बावीस-तेवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. सगळं भराभर झालं. सव्वाला मुलगी झाली, तीन किलो शंभर. मी मनात तीन पन्नास धरले होते. वार पूर्ण पडली, इंजेक्शन दिलं, पोटावरून हात फिरवून बघितलं तर गर्भपिशवी चेंडूसारखी घट्ट. पिशवी घट्ट असली की रक्त थांबतं, असं आम्ही धरून चालतो. मी हातमोजे काढले, लिहायच्या टेबलाशी बसले आणि रजिस्टर ओढलं. नाव, वेळ, मुलगी, वजन. रक्तस्राव, अडीचशे.

सुषमानं जांभई दिली. मी लिहिता लिहिता म्हटलं, दमलीस ना, झोप आता. तिनं दुसरी जांभई दिली.

मावशी बादली न्यायला आल्या. उचलली, थांबल्या आणि परत खाली ठेवली.

"सिस्टर, बादली भारी हाय."

मी मान वर केली नाही. म्हटलं, पाणी असेल मावशी.

"पाण्याची नाय. पाणी गेलं तवा मी बादली बदलली."

मला राग आला. आता सांगायला हरकत नाही, राग आला तो यासाठी की ही बाई मला माझं काम सांगत होती. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, मावशी, तुम्ही तुमचं काम करा, दोन वाजत आलेत.

त्या बादली घेऊन दाराकडे गेल्या. दाराशेजारी गरोदर बायकांचं वजन करायचा उभा काटा होता. त्यावर त्यांनी ती ठेवली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला म्हणून मी बघितलं. त्या काट्याशेजारी उभ्या होत्या, मला वाट करून दिल्यासारख्या.

"रिकामी दीड हाय," त्या म्हणाल्या. "आतला कापूर सुका असतो तवा अर्धा. बाकी काय ते तुम्ही बगा."

आगरी-कोळ्यांच्या बोलीत कापडाला कापूर म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मी उठून बघितलं. काटा सव्वातीनावर होता. दीड आणि अर्धा मिळून दोन. उरलं सव्वा किलो.

सव्वा किलो म्हणजे जवळपास बाराशे मिली. मी अडीचशे लिहून शाईदेखील वाळली होती.

मी सुषमाकडे वळले तेव्हा ती तिसरी जांभई देत होती. झोपेची नव्हती ती. रक्त कमी पडायला लागलं की माणूस अशा जांभया देतं, हे मी स्वतः दोन बॅचच्या विद्यार्थिनींना शिकवलं होतं. ओठ बघितले तर पांढुरके. नाडी एकशे तीस. रक्तदाब अजून बरा होता. तरुण शरीर शेवटपर्यंत दाब टिकवून धरतं आणि मग एकदम सोडून देतं, हेही मी शिकवलं होतं. चादर वर केली. खालून रक्ताची बारीक धार लागलेली, आवाज नाही, घाई नाही. हिरव्या कापडाच्या घडीवरून ती सरळ बादलीत उतरत होती आणि आता बादली नव्हती म्हणून फरशीवर.

पुढचं सगळं आम्हाला पाठ असतं ते केलं. डॉक्टर मॅडमना हाक, दोन्ही हातांना सलाईन, पाय वर, रक्तपेढीला चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन मावशीच धावल्या. पिशवी घट्ट होती हे खरं, पण बाळ भराभर आल्यामुळे पिशवीच्या तोंडाशी फाटलं होतं, रक्त तिथून जात होतं. मॅडमनी टाके घातले. मी दिवा धरला होता आणि माझी नजर पुन्हापुन्हा काट्यावरच्या बादलीकडे जात होती. मॅडम एकदा फक्त म्हणाल्या, "सावंत सिस्टर, दिवा." रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. बाहेर सुषमाची सासू थर्मास घेऊन बसली होती. तिनं विचारलं, बाळंतीण बरी ना? मी म्हटलं, बरी आहे. मला तेव्हा ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी सुषमानं डोळे उघडून मुलगी मागितली. मी पालकसभेला गेले नाही. रजिस्टर उघडून अडीचशेवर एक रेघ मारली, शेजारी बाराशे लिहिलं, वेळ टाकली आणि सही केली. हे मी प्रामाणिकपणे केलं. माझा प्रामाणिकपणा तेवढ्या रकान्यात संपला.

महिनाअखेरीला अशा जिवावरच्या केसचा आढावा घेतात. मोठे डॉक्टर, आमच्या मॅडम, इन्चार्ज सिस्टर, मी, आणखी चार-पाच जण. आता बोलणी खायची अशी मनाची तयारी करून गेले होते. घरून निघताना देवापुढे हातसुद्धा जोडले होते. मोठ्या डॉक्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, अडीचशे खोडून बाराशे केलंय, इतका नेमका आकडा कुठून आला? मी सांगितलं, सर, बादलीचं वजन केलं. रिकाम्या बादलीचं आणि सुक्या कापडाचं वजन वजा केलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अहो, हे किती सोपं आहे. आपण इतकी वर्षं डोळ्यांनी बघत बसलो. मग खोलीभर नजर फिरवून विचारलं, "कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

चांगुणा मावशी तेव्हा खोलीतच होत्या. बैठकीला चहा द्यायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

मी म्हटलं, "माझ्या."

का म्हटलं, याची कारणं मी नंतर स्वतःला खूप दिली. मावशींचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मावशीला कळलं ते सिस्टरला का कळलं नाही. जांभया निघाल्या असत्या, दोन वाजत आल्याचं निघालं असतं. चौकशी लागली असती. मुलाचं शिक्षण, घराचे हप्ते. सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. बोलणी खाण्याच्या तयारीनं गेलेल्या बाईला शाबासकी मिळू लागली आणि तिनं हात पुढे केला, एवढंच ते होतं.

मावशींनी सगळ्यांपुढे कप ठेवले. माझ्यापुढे ठेवला तो बिनसाखरेचा होता. मी बिनसाखरेचा घेते हे त्या विसरल्या नव्हत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते मला सांगता येणार नाही.

मला प्रशस्तिपत्र मिळालं. 'प्रसंगावधान राखून' असा त्यात शब्द आहे. आमच्या कक्षात नियम झाला की प्रत्येक बाळंतपणानंतर बादलीचं वजन करायचं. बादल्यांवर लाल रंगानं रिकामं वजन लिहिलं गेलं. नव्या मुली त्याला सावंत बादली म्हणू लागल्या. रजिस्टरमधली अडीचशेची रांग मोडली; एकशे ऐंशी, तीनशे चाळीस, सातशे दहा असे खरे आकडे दिसू लागले. त्यानंतरच्या वर्षांत किती बायकांना त्याचा उपयोग झाला हे मी मोजलेलं नाही. झाला, हे मात्र डोळ्यांनी बघितलं. माझ्या खोटेपणाचं हेच विचित्र आहे, की त्यातून वाईट काहीच झालं नाही. एक सोडून.

एकदा मी मावशींना गाठलं होतं. कपडे भिजवायच्या मोरीशी एकट्या होत्या. म्हटलं, मावशी, त्या दिवशी बैठकीत... त्या म्हणाल्या, कवाच्या बैठकीत? आणि नळ मोठा केला. मला हायसं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

दीडेक वर्षानं ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं स्वतःची माणसं आणायचं ठरवलं. जुन्यांपैकी मोजक्यांना ठेवणार, आणि ते मोठ्या डॉक्टरांच्या सांगण्यावर. चांगुणा मावशी माझ्याकडे आल्या. तेव्हा त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, हे मला माहीत होतं. त्या म्हणाल्या, सिस्टर, चार ओळी लिवून द्याल का? तुमच्या शब्दाला वजन हाय.

मी लिहून दिलं. घरी बसून, चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात. चांगुणाबाई कष्टाळू आहेत, प्रामाणिक आहेत, वेळेवर येतात, पेशंटशी प्रेमानं वागतात. असं पत्र कुणालाही देता येतं. बादलीबद्दल मी लिहिलं नाही. लिहिणार कशी? ते माझ्या प्रशस्तिपत्रात लिहिलेलं होतं. पाकीट त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते नेहमीच्या सवयीनं क्षणभर तोललं, पदरात बांधलं आणि गेल्या. वाचता येत नव्हतं त्यांना, पण वजन कळत होतं.

त्यांना ठेवलं नाही. कष्टाळू आणि प्रामाणिक अशी पत्रं सगळ्याच मावश्यांनी आणली होती.

मी यंदा निवृत्त झाले. निरोप समारंभात नव्या इन्चार्जनं भाषण केलं. म्हणाली, सावंत सिस्टर जातील, पण सावंत बादली राहील. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, आभार मानले आणि बसले. सगळ्यांना वाटलं, सिस्टरना भरून आलं.

त्याच महिन्यात सुषमा आली. ती दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाला डोंबिवलीला घरी येते, अर्धा किलो पेढे घेऊन. यंदा मुलगी दहावी पास झालेली. उंच, कपाळावर केस येणारी, आईच्या मागे उभी. सुषमा तिला म्हणाली, सिस्टरांच्या पाया पड, ह्यांनी बादलीचं वजन केलं म्हणून तुला आई आहे. मुलगी वाकली. माझे पाय मागे गेले. मुलीला वाटलं असेल, ह्या बाईंना असलं आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच पेढ्यांचा पुडा पिशवीत घातला आणि कळव्याला गेले. स्टेशनवरून रिक्षा केली, खाडीकाठच्या वस्तीत विचारत विचारत पोहोचले. तिथेही आता उंच इमारती झाल्यात. त्यांच्या मागे जुनी घरं उरली आहेत. चांगुणा मावशी ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होत्या. घरूनच विकतात. केस पांढरे झालेत. मला बघून उठल्या नाहीत, सुपावरचा हात तेवढा थांबला. म्हणाल्या, "सिस्टर, बारीक झाल्या." मग आत हाक मारून सुनेला चहा सांगितला. एक बिनसाखरेचा.

मी पुडा त्यांच्या हातात दिला. सुषमाचं नाव सांगितलं, मुलगी दहावी झाली म्हणून सांगितलं. त्यांनी पुडा तळहातावर धरला.

"अर्ध्या किलोचा पुडा आणलेला दिसतो," त्या म्हणाल्या. "तीन पेढे कमी हायत."

दोन ह्यांनी खाल्ले होते, एक सुनेनं. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि एकदा बांध फुटल्यावर सगळं बोलून टाकलं. बैठकीत काय म्हटलं, पत्रात काय लिहिलं नाही, निरोप समारंभात कशासाठी टाळ्या वाजल्या. म्हटलं, मावशी, ते प्रशस्तिपत्र तुमचं होतं. ती नोकरीही बहुतेक टिकली असती. मी पुढच्या रविवारी सुषमाला घेऊन येते, तिला तुमच्यासमोर सांगते. आणि एका अंकात लेख मागितलाय, त्यात सगळं लिहिते, तुमचं नाव घालून.

त्या ऐकत होत्या. जवळ्यातला एक खडा त्यांनी बाजूला काढून टाकला. सुनेनं चहा आणून ठेवला. तो मी घेईपर्यंत त्या जवळा निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "लिवा. चांगुणा नाव हाय, नुसतं मावशी लिवू नका."

मी हो म्हटलं. विचारलं, तुम्हाला माझा राग आला नव्हता?

"आलेला ना. का नाय येणार?" त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. "पण मना वाटलेलं तुम्ही याल. चार-सहा महिन्यांत याल, असं धरलेलं मी. सोळा वर्सं लागतील असं नव्हतं वाटलं, सिस्टर. तुमचाच तेवढा अंदाज चुकला माझा."